ओवाळणीची काडतुसं

पोलीस ठाणे इंदापूर, जिल्हा पुणे ग्रामीण. तारीख ३० ऑक्टोबर १९९६. जबाब घ्यायला सुरुवात सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी.

माझं नाव चंद्राबाई हिंदुराव मारकड. वय कागदावर चौपन्न, खरं कुणालाच माहीत नाही. धंदा शेती. राहणार मारकड वस्ती, लोणी देवकर, तालुका इंदापूर. माहेर सांगवी, तालुका बारामती. सही करता येते.

आज ठाण्यात माझ्या पायाने येऊन, हवालदारसाहेबांनी विचारलं ते आणि विचारलं नाही तेही, माझ्या तोंडाने सांगते ते असे की,

वरच्या पत्त्यावर मी, मुलगा अजित वय सत्तावीस, सून संजीवनी आणि तीन वर्षांची नात सृष्टी असे राहतो. अजित आमच्या गावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर म्हणून सहा वर्षं कामाला आहे. माझे मालक हिंदुराव हे जून १९९० मध्ये तापाने वारले.

आमच्या घरी एक नळीची बाराबोर बंदूक आहे. ती सासऱ्यांच्या वेळची. सासऱ्यांची दोनशे मेंढरं होती आणि माळावर लांडगे होते, म्हणून परवाना मिळाला. मेंढरं विकली, विहीर पाडली, लांडगे कुठं गेले देवाला ठाऊक, बंदूक तेवढी राहिली. इथं हवालदारसाहेब म्हणाले, मावशी, मेंढरांचं लिहायची गरज नाही. मी म्हटलं, बंदूक कुठून आली हे तुम्हीच विचारलंत, आता मेंढरं मी कुठं सोडू?

आता आमच्या रानात मका, भुईमूग आणि वांगी असतात. शेजारी ऊस वाढला तशी उसातली रानडुकरं वाढली. दहा डुकरांचा कळप एका फेरीत अर्धा एकर मका लोळवून जातो. त्यांना मारायचा आम्हाला परवाना नाही, हाकलायचा आहे. म्हणून आम्ही हवेत बार काढतो. डुक्कर आवाजाला पळतं. आजपर्यंत आमच्या बंदुकीने साधं होल्याचं पाखरूही पडलेलं नाही.

मालक गेल्यावर १९९१ मध्ये परवाना माझ्या नावावर झाला. राखणदार म्हणून अजितचं नाव त्यावर चढवलेलं आहे, त्यामुळे त्याने बंदूक हाताळली यात गुन्हा नाही. परवान्यावर वर्षाला पन्नास काडतुसं घेता येतात. हा पन्नासाचा आकडा मला चार दिवसांमागं कळला.

तात्याबा सावळाराम देवकाते, वय सेहेचाळीस, राहणार सांगवी, हा माझा सख्खा धाकटा भाऊ. तो बारामतीत एका पतसंस्थेच्या दारात गनमॅन म्हणून उभा असतो. आमची आई मुक्ताबाई मेंढरांमागं जायची तेव्हा तो दिवसभर माझ्या कडेवर असायचा. मी आठ वर्षांची आणि हा धोंडा माझ्या कमरेवर. माझी डावी बाजू अजून थोडी वाकडी आहे, ती त्याच्यामुळे. त्याचा मला कधी राग आला नव्हता. आता येतो.

परवाना हातात आल्यावर तात्याबा वस्तीवर आला आणि म्हणाला, "आक्का, बंदुकीच्या दुकानात समदी बापयमाणसं. तितं तू कुठं उभी ऱ्हातीस? पुस्तक माझ्याकडं दे. मी तर रोजच बारामतीत हाय, लागंल तवा काडतुसं आणून देतो." मी परवान्याचं पुस्तक त्याला दिलं. ज्याचा परवाना त्यानेच दुकानात जायचं असतं, असा कायदा असल्याचं आता समजलं. तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी दिलं असतं, खोटं कशाला बोलू. भावाला नाही द्यायचं तर कुणाला द्यायचं?

त्याच साली भाऊबिजेला तो आला. मी पाटावर बसवून ओवाळलं. त्याने ताटात खणात गुंडाळलेली खोकी ठेवली. सोडून बघितली तर आत दहा काडतुसं. म्हणाला, "साडी काय, कुनीबी घालतंय. माझ्या आक्काचं रान राखायला भावानं दारूगोळा आणलाय." सगळे पोट धरून हसले. मला मात्र रडू आलं. मालक जाऊन दीड वर्ष होत आलेलं, जावा एकमेकींच्या साड्यांचे काठ बघत होत्या, आणि माझ्या ताटात काडतुसं. माझ्या भावाला माझं रान दिसलं, असं मला वाटलं. पुढं दर भाऊबिजेला तेच. वस्तीवर लोक ही गोष्ट कौतुकाने सांगायचे. सगळ्यात जास्त मीच सांगायची.

त्यांची किंमत मी कधी विचारली नाही. ओवाळणीत काय पडलं त्याचा भाव बहीण विचारत नाही, आणि ते खरं का खोटं हेही बघत नाही. आमच्याकडे तशी रीतच नाही.

दहा काडतुसं वर्षभर पुरत नाहीत. मी जास्तीची मागितली की तात्याबा सांगायचा, दुकानात माल नाही. ब्याण्णवच्या हिवाळ्यात म्हणाला, दंगलीमुळे दुकानं बंद आहेत. त्र्याण्णवला म्हणाला, मुंबईत बॉम्ब फुटल्यापासून सरकारने आवळलंय, एका परवान्याला दहाच्या वर मिळत नाहीत. पुढं म्हणाला, कारखान्यातूनच माल येत नाही, आला तर पुण्यातच संपतो. भावही तो सांगेल तो. चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात मका कणसाला आला होता, तेव्हा मी पैसे देऊन दहा मागितली. त्याने सहा आणली. म्हणाला, "पंचवीस रुपयाला एक पडलं, तेबी वळखीनं." ती सहा मी नातीच्या दुधासारखी जपून वापरली. अजितला म्हणायची, थाळी वाजव, डबा वाजव, डुकरं अगदी आत शिरली तरच बार काढ. त्या हंगामात निम्मा मका गेला. दुकानात मालच नाही त्याला भाऊ तरी काय करणार, असं मी संजीवनीला समजावलं होतं.

उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या तात्याबा परत न्यायचा. दुकानात जमा कराव्या लागतात, नाहीतर नवी मिळत नाहीत, असं सांगायचा. म्हणून बार काढल्यावर आम्ही सरीतून पुंगळ्या वेचायचो, मी पदराने माती पुसून डब्यात ठेवायची. एकही हरवू द्यायची नाही. चौऱ्याण्णवच्या दिवाळीआधी सृष्टीला दात येत होते. तिने डब्यातली एक तांबडी पुंगळी तोंडात घालून चावली. प्लास्टिकवर वरचे दोन आणि खालचे दोन असे चार दात उमटले. मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि पुंगळी धुऊन परत डब्यात टाकली. दुकानदार बोलेल का काय, याचीच मला काळजी. तात्याबाला तसं विचारलंही होतं. तो म्हणाला, "बोलत न्हाय कोन. जाऊ दे."

ओवाळणीच्या काडतुसांची तोंडं मेणाने बुजवलेली असायची. मालकांच्या वेळच्या काडतुसांना मेण नव्हतं, म्हणून मी एकदा विचारलं. तात्याबा म्हणाला, ओल धरू नये म्हणून नव्या मालाला लावतात. बार काढला की धूर इतका, जसं चुलीत ओलं जळण घातलंय. चार-दोन काडतुसं उडायचीच नाहीत. अजित एकदा म्हणाला, "मामा, ह्यात काहीतरी गडबड हाय." तात्याबा त्याला म्हणाला, "तू नट आवळ. बंदुकीतलं मला कळतं." सगळे हसले. मीही हसले.

यंदा लोकसभेच्या निवडणुकीला बंदुका जमा करायचा हुकूम आला. मी १ एप्रिलला याच ठाण्यात बंदूक जमा केली आणि २० मे रोजी परत नेली, पावती हजर केली आहे. नेताना तात्याबा पुस्तक घेऊन आला होता. तेव्हाच्या कारकूनसाहेबांनी पुस्तक चाळलं आणि विचारलं, "बाई, एवढी काडतुसं काय करता? लढाई आहे का?" मी चेष्टा समजून म्हटलं, डुकरांशी हाय की. तात्याबाने पुस्तक उचलून खिशात घातलं आणि म्हणाला, चल आक्का, उशीर होतोय.

आता घटना सांगते.

२३ ऑक्टोबर, बुधवारी सकाळी सव्वासहाच्या सुमारास अजित कारखान्यात पहिल्या पाळीला निघाला होता. अंगात कारखान्याचा खाकी शर्ट, डबा हातात. तेवढ्यात संजीवनी विहिरीकडून ओरडली, "आत्या, डुकरं! मक्यात शिरली!" अजित डबा ठेवून माघारी फिरला. बंदूक त्याने खुंटीवरून घेतली. काडतुसं मी दिली. यंदा थाळ्या-डब्यांवर भागवल्यामुळे ट्रंकेतल्या ओवाळणीच्या खोकीत अजून आठ होती, मी वरची दोन काढून त्याच्या हातात ठेवली. मीच ठेवली. हे असंच लिहा.

मी दारातून बघत होते. बांधावर उभा राहून त्याने हवेत पहिला बार काढला. तो फुसका निघाला, फुस्स झालं आणि नळीच्या तोंडातून थोडा धूर आला. त्याने पुंगळी काढून दुसरं काडतूस घातलं. पहिल्या काडतुसात दाबून बसवलेला बोळा नळीतच अडकलाय हे त्याला कसं कळणार? दुसरा आवाज नेहमीचा नव्हता. बार लांब जातो, हा जागेवरच फुटला. डुकरं पळाली. अजित खाली बसला आणि "आये, हात बघ" असं म्हणाला. मी पळत जाऊन बघितलं. बघायला हात कुठं होता?

शेजारच्या जीपमधून त्याला इंदापूरला आणि तिथून पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डाव्या हाताची तीन बोटं गेली, अंगठा राहिला पण वळत नाही. डाव्या डोळ्यात पत्र्याची कपरी गेली. डॉक्टर म्हणाले, उजेड कळेल, माणूस ओळखू येणार नाही. फिटरचं काम दोन हातांचं असतं, ते त्याला आता जमायचं नाही. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं विचारलं, आज हजेरी लागली का.

२४ तारखेला पोलीस पंचनाम्याला वस्तीवर आले. खोकीत उरलेली सहा काडतुसं पंचांसमोर ओसरीवर ओळीने मांडली. हवालदारसाहेबांनी एकाचं मेण खरवडून आतली काळी दारू कागदावर ओतली आणि म्हणाले, ही फटाक्यातली दारू आहे, सायकलच्या बेअरिंगमधल्या गोळ्या आहेत. ही काडतुसं कारखान्याची नाहीत, उडालेल्या पुंगळ्यांत कुणीतरी हाताने भरलेली आहेत. मी म्हटलं, कसं शक्य आहे, माझ्या भावाने दुकानातून आणलीत. आणि तेवढ्यात मला ओळीतलं चौथं काडतूस दिसलं. त्याच्या तांबड्या प्लास्टिकवर चार दात होते. वरचे दोन, खालचे दोन.

मी ते उचलायला गेले तर पंच म्हणाले, हात लावू नका. मी लावला नाही. माझ्या नातीचे दुधाचे दात मला कळत नाहीत होय? ती पुंगळी मी माझ्या हाताने धुऊन डब्यात टाकली होती, तात्याबा दुकानात जमा करतो म्हणून घेऊन गेला होता, आणि मागच्या भाऊबिजेला त्याने तीच माझ्या ताटात घातली होती. म्हणजे माझ्याच रानातून वेचलेला कचरा. आणि मी त्याला ओवाळत होते, त्याला औक्ष मागत होते!

त्या दिवशी मी पंचांना काही बोलले नाही. हवालदारसाहेबांनी विचारलं, परवान्याचं पुस्तक कुठं आहे. मी म्हटलं, भावाकडे. ते म्हणाले, मुलगा फिटर आहे ना? असलं भरायचं काम त्याला येत असेल. हा गुन्हा आहे, मावशी, तो बरा झाला की त्याला विचारावं लागेल. त्यांनी हे ओरडून नाही, साध्या आवाजात सांगितलं. मला तेव्हा कळलं की हात फुटला तो माझ्या पोराचा आणि आरोपी होणार तोही माझा पोरगाच.

२५ तारखेला सांगवीला माणूस पाठवून पुस्तक मागवलं. तात्याबाचा निरोप आला की पुस्तक नूतनीकरणाला कलेक्टर कचेरीत दिलंय. म्हणून २६ तारखेला मी एकटी एस.टी.ने बारामतीला गेले आणि विचारत विचारत बंदुकीच्या दुकानात पोहोचले. वेळ सकाळी साडेदहा. तिथं गर्दी नव्हती. दुकानाचे मालक एकटेच पेपर वाचत बसले होते. काचेच्या कपाटात काडतुसांच्या खोक्या वरपासून खालपर्यंत लावलेल्या होत्या. मी विचारलं, ह्या रिकाम्या आहेत का? ते म्हणाले, रिकाम्या कशाला ठेवू?

मी भाव विचारला. ते म्हणाले, यंदा अठरा रुपयाला एक, चौऱ्याण्णवला चौदा होतं, एक्याण्णवला नऊ. मी विचारलं, माल कधी संपला होता? ते म्हणाले, संपतो की. पंधरा दिवस, फार तर महिना. पाच वर्षं कुठं संपतो? दंगलीत आठ दिवस दुकान बंद होतं, तेवढंच. रिकाम्या पुंगळ्या जमा कराव्या लागतात का, असंही मी विचारलं. ते म्हणाले, आम्ही त्यांचं काय लोणचं घालू?

मग मी माझं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "अहो, म्हणजे तात्याबांच्या भगिनी तुम्ही! दर दिवाळीच्या आधी यायचे तुमचे बंधू. म्हणायचे, बहिणीला ओवाळणी घालायचीय, चांगला माल काढा." त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. १९९१ पासून माझ्या नावावर दोनशे चाळीस काडतुसं दिलेली आहेत. माझ्या घरी आली ती छप्पन्न, तीही हाताने भरलेली. बहुतेक नोंदींपुढं एल.जी. असं लिहिलंय. ते काय म्हणून विचारलं तर म्हणाले, मोठ्या छऱ्याची, शिकारीला लागतात. आम्ही शिकार करत नाही. एक नोंद २२ एप्रिलची आहे, पंचवीस काडतुसं. त्या दिवशी माझी बंदूक याच ठाण्याच्या कोठडीत कुलूपबंद होती. बंदूक पोलिसांकडे आणि मी काडतुसं कशात घालणार होते, चुलीत?

प्रत्येक नोंदीपुढं घेणाऱ्याच्या जागी अंगठा उठवलेला आहे. मी त्र्याण्णव साली वस्तीवरच्या साक्षरता वर्गात सही शिकले, तेव्हापासून कुठंही अंगठा देत नाही. तो अंगठा माझा नाही. माझ्या अंगठ्याचा ठसा घेऊन ताडून बघावा. दुकानाचे मालक मग गडबडले. म्हणाले, बाई, ओळखीच्या माणसाकडे पुस्तक असलं की आम्ही देतो, तुम्ही कुठं बोलू नका. मी म्हटलं, मी आता सगळीकडे बोलणार आहे.

२७ तारखेला, रविवारी दुपारी, तात्याबा पुण्याला दवाखान्यात आला. हातात चार शहाळी. अजितच्या खाटेपाशी उभा राहून रडला. खरा रडला, ते मी बघितलंय. मग मला व्हरांड्यात घेऊन गेला. तिथं जे बोलणं झालं ते सांगते.

मी म्हटलं, "मी दुकानात जाऊन आले."

त्याने व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं. मग म्हणाला, "आक्का, एक काडतूस बाहीर पन्नासला जातंय. बड्या लोकांस्नी शिकारीला लागतात. माझा पगार काय हाय तुला ठावं हाय. आणि तुला काय, नुसता आवाजच काढायचा हुता. भरलेलं काय नि कारखान्याचं काय, डुक्कर पळतंय न्हवं? म्या म्हटलं, आक्काचं काय बिघडतंय."

मी विचारलं, भरली कुणी? तो म्हणाला, हाय एक जण, नाव नको विचारू.

मग म्हणाला, "आता माझं ऐक. साहेबांनी विचारलं तर अजितनं घरी भरली म्हणून सांग. त्यो फिटर हाय, साहेबांना पटंल. पुस्तक हरवलं म्हण."

मी म्हटलं, "आन अजितचं काय?"

तो म्हणाला, "त्याची बोटं गेल्यात, आक्का. त्याला बघून कोर्टाला दया येईल, सोडतील त्याला. माझी बोटं शाबूत हायत. मला न्हाय सोडणार. नोकरी जाईल, बंदूक जाईल, घर बसंल."

हे बोलताना त्याने दोन्ही हात माझ्यापुढं धरले होते. दहा बोटं. ती मी लहानपणी चोखून गार केलेली, भाजली होती तेव्हा. मी म्हटलं, "तात्याबा, खाली घे ती बोटं. मला बघवत न्हाय." तो म्हणाला, आईला कळलं तर ती जगणार नाही. मी म्हटलं, आईचं मी बघीन. यापुढं मी काही बोलले नाही. त्याने शहाळी तिथंच ठेवली, ती मी शेजारच्या खाटेवरच्या बाईला दिली.

अजितला हे बोलणं मी सांगितलं नव्हतं. परवा त्यानेच विचारलं, "आये, मामा काय म्हनत हुता?" मी सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. थोड्या वेळाने म्हणाला, "तुला काय सांगायचंय ते सांग. पन मी भरली न्हाईत." माझ्या पोराला हे मला सांगावं लागलं, याचं मला फार लागलं.

तरी मी जबाब देते की सदरची काडतुसं माझा मुलगा अजित याने भरलेली नाहीत. ती माझा भाऊ तात्याबा याने १९९५ च्या भाऊबिजेला मला ओवाळणीत घातली. माझ्या परवान्याचं पुस्तक एक्याण्णव सालापासून त्याच्याकडे आहे, ते मी एकदाही उघडून बघितलं नाही. ही चूक माझी आहे, तिची शिक्षा असेल तर मला द्यावी. पोराला देऊ नये, त्याला मिळाली आहे.

इथं हवालदारसाहेबांनी विचारलं की जबाबात तात्याबाचा उल्लेख 'माझा भाऊ' असा सारखा आलाय, त्या जागी 'सदर इसम' लिहू का. मी म्हटलं, नको. कुठल्या इसमाने फसवलं असतं तर मी एवढी बोलले असते का? भाऊच लिहा.

भाऊबीज तेरा दिवसांवर आली आहे. यंदा मी कुणाला ओवाळणार नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. आज सकाळी तात्याबानेच वस्तीवर येऊन मला इथं मोटारसायकलवर आणून सोडलं. नऊची एस.टी. चुकली होती म्हणून मी बसले. वाटेत त्याने तीन वेळा बजावलं, "आक्का, ठरल्यापरमानं सांग." मी काही ठरवलं नव्हतं. दवाखान्यातही तोच ठरवत होता, मी गप्प होते. माझं गप्प बसणं तो होकार समजला. आत्ता तो बाहेर याच खिडकीखालच्या बाकावर बसला आहे, मला परत वस्तीवर न्यायला. मी त्याच्या गाडीवर जाणार नाही.

जबाब लिहून झाल्यावर हवालदारसाहेबांनी खिडकीच्या उजेडात कागद धरून तो मला मोठ्याने वाचून दाखवायला घेतला. भाऊबिजेपर्यंत आले तेव्हा तात्याबा बाकावरून उठून गजांशी येऊन उभा राहिला. "आक्का," एवढंच म्हणाला. हवालदारसाहेब थांबले आणि विचारलं, खिडकी लावू का? मी म्हटलं, राहू द्या उघडी, पुढचं वाचा. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. तो शेवटपर्यंत उभा होता. मी सांगितलं तसंच लिहिलेलं आहे, यात एक शब्द बदलायचा नाही.

सही
चंद्राबाई हिंदुराव मारकड

समक्ष: ठाणे अंमलदार, इंदापूर. वेळ दुपारी १ वाजून ४० मिनिटे.